जुन्या वाड्यात कलाकेंद्र काढायचंय. सावंतवाडीचा राजवाडा जवळून पाहिलेल्यांनी कृपया सांगा

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

वाईला आमच्या आजोळचा वाडा आहे, दोनचौकी. मागचा चौक केव्हाच पडला, त्याची आता नुसती जोती दिसतात. पुढचा चौक मात्र धड आहे. दिंडी दरवाजा, दोन्ही बाजूंच्या देवड्या, चौकाभोवतीचे सोपे (ओसरीसारखे उघडे भाग), वर माडी. सागवानी खांब आणि तुळया अजून सरळ आहेत. पावसाळ्याआधी मामा कौलं चाळून घेतो म्हणून माडी शाबूत राहिली. मामाच तिथे राहतो, एकटा, आणि आता त्याचंही वय झालं. आजोबांच्या माघारी कागदावर सात वारसांची नावं लागली आहेत. विकायचं कुणाच्याही मनात नाही, पण तिथे येऊन राहणं कुणालाच जमण्यासारखं नाही.

मी पुण्यात ग्राफिक डिझाइनचं काम करते. या वाड्यात गावासाठी कलाकेंद्र व्हावं असं मला मनापासून वाटतं. एका सल्लागारांकडून आराखडा करून घेतला. माडीवर चित्रांची गॅलरी, खालच्या सोप्यात शनिवार-रविवार मुलांचे वर्ग, देवडीत कॉफीचं दुकान. आराखडा देखणा आहे, पण वाचल्यावर मला त्यात वाईचं कुणी दिसेना. पुण्या-मुंबईहून पाचगणीला जाणारे लोक वाटेत थांबतील एवढंच त्यात धरलेलं आहे.

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफाचं, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचं, काम चालतं असं बरंच ऐकलं आहे. ते तुमच्यापैकी कुणी जवळून पाहिलंय का? इतकी वर्षं ते कशामुळे टिकलं? राजघराण्याचा वाडा म्हणून टिकलं असेल तर आमच्यासारख्यांनी त्यातून घेण्यासारखं काय आहे? आणि आमच्याकडे पैसे बेताचे आहेत, तर आधी काय हाती घ्यावं: दुरुस्ती, वर्ग की गॅलरी?

---

पांगारा

ताई, मी कुडाळचा. हायस्कुलात चित्रकला शिकवत होतो, आता निवृत्त आहे. सावंतवाडीच्या राजवाड्यात लहानपणापासून जातो आहे आणि नोकरीत असताना एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या मुलांना आवर्जून तिथे नेत असे. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबेल.

आधी जागा कशी आहे ते सांगतो. मोती तलावाच्या काठावर जांभ्या दगडाचा लाल राजवाडा. तिसऱ्या खेम सावंतांच्या काळातला, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. तलाव नंतरचा, १८७४चा. आत दरबार हॉल आहे. उंच छत, भिंतींवर घराण्याची चित्रं, आणि त्याच हॉलमध्ये टेबलं मांडून कलाकार बसलेले असतात. कुणी गोल पत्त्यावर कासव काढतंय, कुणी लाकडी डबीला काठ रंगवतंय. पाहायला आलेली माणसं त्यांच्या खांद्यावरून वाकून बघतात, प्रश्न विचारतात, आणि ती मंडळी हातातलं काम न थांबवता उत्तरं देतात. दरबारात रंगांच्या वाट्या कशाला, त्याने हॉलची शान जाते, असं म्हणणारे पाहुणे मी ऐकले आहेत. मला ते अजिबात पटत नाही. त्या हॉलचा याहून चांगला उपयोग दुसरा असू शकत नाही. संस्थान विलीन झाल्यावर दरबार भरायचा थांबला. मोकळ्या राहिलेल्या त्या हॉलमध्ये गावातली माणसं येऊन रोज काम करतात, ही फार मोठी गोष्ट आहे.

आता ते सुरू कसं झालं. गंजिफा हा खेळ इराणातून मुघलांबरोबर आपल्याकडे आला आणि इथे त्याचं दशावतारी रूप झालं. सावंतवाडीत चितारी मंडळी पिढ्यान् पिढ्या लाकडी खेळणी आणि गंजिफा रंगवत. छापील पत्ते स्वस्तात मिळायला लागले तशी गंजिफाला गिऱ्हाईक उरलं नाही. १९७०च्या सुमाराला हे काम नीट येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि तीही म्हातारी. त्या वेळी शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती विद्या घेतली. दोघं स्वतः शिकायला बसले. मग गावातल्या मुला-मुलींना शिकवलं, आणि १९७१ साली ‘सावंतवाडी लॅकर वेअर्स’ सुरू केलं. सत्त्वशीलादेवी २०१८ साली गेल्या. काम चालू आहे. राजघराण्याच्या पुढच्या पिढीने वाड्याच्या एका भागात राहायची सोय असलेलं हॉटेलही काढलं आहे. सावंतवाडीच्या गंजिफाला आणि लाकडी खेळण्यांना आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

ताई, या सगळ्यात क्रम बघा. पहिल्यांदा शिकवणारा म्हातारा माणूस शोधला. मग शिकायला बसले. मग रोज बसून काम करणारी माणसं तयार केली. प्रेक्षक, तिकीट, दुकान, हॉटेल हे सगळं त्याच्या मागून आलं. तुमच्या सल्लागारांचा आराखडा नेमका उलट्या टोकाने सुरू होतो. गॅलरीला चित्रं बाहेरून आणावी लागतात, कॉफीला गिऱ्हाईक बाहेरून लागतं, शनिवार-रविवारचा शिक्षकही बाहेरून येणार. मग सोमवार ते शुक्रवार वाड्यात कोण असेल? माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या वाड्यात कुणीतरी रोज बसून हाताने काहीतरी करतं, तो वाडाच कलाकेंद्र होतो. बाकीच्या खोल्या नंतर भरता येतात.

राजघराण्याचा वाडा म्हणून टिकलं का? थोडं तसं आहे, खोटं कशाला बोलू. छप्पर स्वतःचं होतं, भाडं नव्हतं, नाव होतं, मोठ्या लोकांशी ओळखी होत्या. पण पैसा आणि राजवाडे बाळगून असलेली घराणी महाराष्ट्रात इतरही होती. त्यांच्या वाड्यांत तलवारी आणि पेंढा भरलेले वाघ काचेआड उभे आहेत. इथे मालकांनी स्वतः हातात कुंचला घेतला. माझ्या मते सगळा फरक तिथे पडला.

दुसरी गोष्ट विक्रीची. दशावतारी संचात १२० पत्ते असतात. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा: एक राजा, एक प्रधान आणि एक्का ते दश्शी. मत्स्याच्या सत्तीवर सात मासे, परशुरामाच्या नव्वीवर नऊ परशू. एका अवताराच्या दहा पत्त्यांवर मिळून ५५ चिन्हं होतात, म्हणजे पूर्ण संचात ५५० लहान लहान चिन्हं आणि वर राजा-प्रधानांची २० चित्रं. शिवाय त्याआधी पत्ता तयार करायचा: थरावर थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वाळवायचे, गोल कापायचे, वर पांढरा थर द्यायचा, दगडाने घोटायचा, मग जमीन, म्हणजे पत्त्याची पार्श्वभूमी, रंगवायची, काठ, चिन्हं, आणि शेवटी लाखेचा हात. आमच्याकडच्या पावसाळ्यात वाळणं हेच एक संकट असतं. असा संच स्वस्त कसा असेल? आणि महाग संच महिन्याला किती खपणार? म्हणून त्यांनी तीच कलम, तेच काठ, तेच रंग लाकडी डब्या, पाट, टेबलं, बुद्धिबळाचे पट यांवर उतरवले. रोजचा पगार या वस्तूंतून निघतो आणि गंजिफा जिवंत राहते. शुद्धतेचा आग्रह धरून नुसते संचच करायचे म्हटलं असतं तर दुकान कधीच बंद पडलं असतं.

एक गोष्ट मात्र मला लागते. पत्ते रंगवले जातात, विकले जातात, चौकटीत लावले जातात, पण खेळणारं जवळजवळ कुणी राहिलं नाही. मी वर्गात पुठ्ठ्याचे पत्ते करून मुलांना खेळायला लावायचो. दिवसा खेळ मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने उतारी करायची, रात्री मांडला तर कृष्णाचा राजा. निम्म्या अवतारांत दश्शी मोठी, निम्म्यांत एक्का मोठा. हातात आलेला प्रत्येक पत्ता लक्षात ठेवावा लागतो, पोरं अक्षरशः घामाघूम व्हायची. आणि खेळल्यावर त्यांना आपोआप कळायचं की प्रत्येक अवताराची जमीन वेगळ्या रंगाची का असते. गोल पत्त्याला कोपरा नसतो. हातात पंख्यासारखे धरले की प्रत्येकाची फक्त कड दिसते, तेवढ्यावरून रंग ओळखता आला पाहिजे. हे मी फळ्यावर सांगून त्यांना कधीच पटलं नसतं. म्हणून तुम्हाला सांगतो, वाड्यात जे काही कराल ते वापरणारी माणसंही त्याच वाड्यात जमू द्या.

आधी काय करावं या प्रश्नाला माझं उत्तर: छप्पर, संडास-बाथरूम, आणि एक सोपा. बाकी सगळं थांबू शकतं.

---

चुन्याचीघाणी

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतो, तेवढ्यापुरतंच लिहितो.

पांगारा सरांनी छप्पर पहिलं सांगितलं, ते शंभर टक्के बरोबर. पण छपराबरोबर भिंती बघा. तुमच्या वाड्यात कुणी मधल्या काळात सिमेंटचा गिलावा केला आहे का? वाई-साताऱ्याकडच्या बहुतेक वाड्यांत कुणीतरी केलेला असतोच. खाली माती-चुन्यातलं वीटकाम आणि वर सिमेंट असलं की भिंतीतली ओल बाहेर पडत नाही. ती वर चढते, गिलावा फुगतो, आणि भिंतीत गेलेली तुळयांची टोकं आतून कुजतात. वरून तुळई ठणठणीत दिसते. भिंतीत घुसलेल्या टोकाशी पेचकस खुपसून बघा. मऊ लागलं तर माडीवर माणसं जमवायच्या आधी ते काम झालंच पाहिजे. गॅलरीच्या उद्घाटनाला माडीवर एकाच वेळी शंभर माणसं उभी राहतात. घरच्या वापरात तेवढा भार त्या तुळयांवर कधी आलेला नसतो. एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून भार तपासून घ्या आणि तो आकडा जिन्यापाशी मोठ्या अक्षरात लावा.

चुन्याचं काम करणारे गवंडी अजून मिळतात. चुना भिजवून मुरू द्यावा लागतो, घाई करून चालत नाही. आणि आराखड्यात खोटं छत असेल तर ते आधी काढून टाका. वाळवी लागली तर त्याच्यामागे दिसणार नाही.

पुण्याला गेलात की विश्रामबागवाडा एकदा या दृष्टीने बघून या. दुसऱ्या बाजीरावाचा वाडा, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. पेशवाई गेल्यावर तिथे १८२१ साली संस्कृत पाठशाळा भरली, १८७९ साली आग लागली, पुढे कित्येक वर्षं नगरपालिकेची कचेरी होती. इतके वापर बदलूनही दर्शनी बाजूचे सुरूच्या आकाराचे सागवानी खांब आज उभे आहेत. वाडा वापरात असला की गळती पहिल्या पावसात दिसते आणि लगेच कुणीतरी शिडी लावतं. बंद घरात तीच गळती तुळई खाली आल्यावर कळते.

---

वॉर्डनरोड

कृष्णाकाठ, तुमच्या सात वारसांबद्दल लिहायला आले.

मुंबईत वॉर्डन रोडवर वकील आणि काँग्रेसचे नेते भुलाभाई देसाई यांचा बंगला होता. आता त्या रस्त्यालाच त्यांचं नाव आहे. त्यांच्या पश्चात त्या बंगल्यात भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट उभी राहिली. पन्नास-साठच्या दशकांत तिथे जे घडलं तसं या शहरात एका छपराखाली पुन्हा घडलेलं मला माहीत नाही. गायतोंडे तिथे चित्रं काढत, हुसेन काढत. प्रफुल्ला डहाणूकर आणि नसरीन मोहमदी यांनीही तिथे काम केलं. नाट्यदिग्दर्शक अल्काझींची ‘थिएटर युनिट’ ही नाटकमंडळी तिथे होती. रविशंकरांनी १९६२ साली किन्नर संगीतशाळा काढली ती तिथेच. विजया मेहतांच्या ‘रंगायन’चे सुरुवातीचे प्रयोग तिथे झाले. मराठी प्रायोगिक नाटकाची बरीचशी मुळं त्या बंगल्यात आहेत. माझी आई कॉलेजात असताना तिथे नाटक बघायला जायची. एका दालनात तालीम चालू असायची आणि शेजारून सतारीचा आवाज यायचा, हे ती आजही सांगते. चित्रकार तालमीला येऊन बसत, नट चित्रं बघायला जात. वेगवेगळ्या कलांची माणसं जिन्यात एकमेकांना भेटत, आणि त्यातून जे होत होतं ते कुठल्याही अभ्यासक्रमात मांडता आलं नसतं.

तो बंगला आज नाही. तिथे उंच इमारत आहे.

म्हणून कळकळीने सांगते. सगळे वारस आज एकदिलाने असतील तर आजच कागद करा. ‘आपलंच तर आहे’ म्हणून तोंडी ठेवू नका. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा असेल तर तो नोंदणीकृतच करावा लागतो. सातही जणांच्या सह्यांनी लांब मुदतीचा करा, किंवा सार्वजनिक न्यास करून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवा. कुठला मार्ग बरा ते वकिलांना विचारा. पण ज्या दिवशी जागेची किंमत वाढते आणि पुढच्या पिढीतल्या कुणालातरी पैशांची नड लागते, त्या दिवशी कितीही थोर आठवणी असल्या तरी त्या भिंती वाचवू शकत नाहीत. नड लागणाऱ्याचा त्यात दोषही नसतो. आधीच लिहून ठेवलेलं असलं तर त्यालाही सोपं जातं.

---

कृष्णाकाठ

तुम्हा तिघांचेही मनापासून आभार. पांगारा सर, तुमचं उत्तर मी मामाला फोनवर वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “अगं, मग आपल्या आळीतल्या कासारबाईंना विचार ना.”

त्या आमच्या शेजारच्या. गोधड्या शिवतात. जुन्या नऊवारींच्या, धावदोऱ्याच्या, मधोमध चौफुला आणि कडेने टाक्यांच्या रांगा. आळीतल्या निम्म्या घरांत त्यांची गोधडी आहे. शिकायला मात्र त्यांच्या घरातलं कुणी तयार नाही. शिवाय ओळखीचे एक पेंटर आहेत, एके काळी साऱ्या तालुक्यातल्या दुकानांच्या पाट्या आणि ट्रकांवरची नावं रंगवायचे. फ्लेक्स आल्यावर काम गेलं. त्यांचा देवनागरीतला हात मी लहानपणापासून बघत आले आहे, अक्षरांच्या कामात मी आहे त्याचं कारणही बहुधा तेच. दोघंही साठीच्या पुढचे आहेत.

आता प्रश्न असे: यांच्याकडून जागेचं भाडं घ्यायचं की यांना मानधन द्यायचं? यांनी केलेल्या वस्तू विकायच्या कुणी? आणि ‘रोज बसा’ असं वडीलधाऱ्या माणसांना सांगायचं तरी कसं?

सिमेंटचा गिलावा आहे. दक्षिणेकडच्या भिंतीला, कमरेइतका. फुगलाय.

---

पांगारा

ताई, तुमच्या मामांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी एका वाक्यात तुमचा आराखडा दुरुस्त केला.

भाडं अजिबात घेऊ नका. भाडं घेतलंत की त्यांच्या मनात पहिल्या दिवसापासून ‘निघालं पाहिजे’ हा हिशेब सुरू होतो, आणि भाडं निघत नसेल त्या महिन्यात त्या यायच्या बंद होतात. महिन्याची ठरावीक रक्कम द्या, लहान का असेना, पण एक तारखेला द्या. ही रक्कम शिकवण्याची. केलेल्या कामाचे पैसे वेगळे, नगावर. पन्नास वर्षं हात घातलेल्या माणसाला नुसतं ‘मानधन’ म्हणून शाल-श्रीफळ देऊन बसवणं मला फार अन्यायाचं वाटतं, आणि आपल्याकडे ते सर्रास होतं. शाळेत असताना बाहेरच्या एका संस्थेने आमच्याकडे एका कारागिराला प्रात्यक्षिकासाठी आणलं होतं. दिवसभर मुलांना शिकवून घेतलं, फोटो काढले आणि एसटीचं भाडंही दिलं नाही. तो माणूस परत कधी आमच्याकडे आला नाही. आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढली, पण अपमान झाला तो झालाच.

‘रोज बसा’ असं सांगायला लागणार नाही, जर बसण्याची जागा त्यांच्या घरापेक्षा बरी असेल. कासारबाई घरी कुठे शिवतात ते जाऊन बघा. बहुधा दुपारची भांडी झाल्यावर, दारातल्या उजेडात, पाय पसरून. मग सोप्यात तसाच उजेड असलेली बाजू त्यांना द्या. जमीन शेणाने सारवलेली ठेवायची की फरशी, हे त्यांनाच विचारा. गोधडी पसरायला लांबरुंद जागा लागते आणि ती जागा आजकालच्या घरांत नाही, वाड्यात आहे. हीच तुमची खरी ताकद. पेंटरांना उत्तरेचा उजेड लागेल, आणि रंगाचा वास कोंडणार नाही अशी उघडी बाजू. चौकाच्या कडेला बसवा. येणारा-जाणारा बघेल.

वेळ मात्र पक्की ठेवा. रोज दुपारी अमुक ते अमुक दिंडी उघडी, आणि त्या वेळात आत कोणीतरी काम करतंय, हे गावाला सवयीने कळलं पाहिजे. सावंतवाडीत मी मुलांना नेत असे तेव्हा ‘आज कलाकार असतील ना’ अशी चौकशी करावी लागत नसे. पहिले सहा महिने कुणी येणार नाही. नंतर शाळा सुटल्यावर पोरं डोकावतील. त्यांना हाकलू नका, आणि लगेच फीचा कागदही पुढे करू नका. उरलेल्या चिंध्या द्या, सुईत दोरा ओवायला द्या. चितारआळीत पोरं अशीच शिकली. बापाशेजारी बसून पांगाऱ्याच्या लाकडाची खेळणी घासायची, मग रंगाचा पहिला हात द्यायचा, आणि डोळे काढायचं काम कित्येक वर्षांनी मिळायचं.

विक्री तुम्ही करा. त्यांच्यावर ते ओझं टाकू नका. आणि इथेच तुमचं ग्राफिक डिझाइन कामाला येईल असं मला वाटतं. पूर्ण गोधडी महाग होणार, व्हायलाच पाहिजे. पण त्याच टाक्यांची लहान दुपटी, बसकरं, पिशव्या करता येतील. पेंटरांकडून घरांच्या दारावरच्या नावाच्या पाट्या करून घ्या. पुण्यातल्या लोकांना हाताने लिहिलेलं नाव हवं असतं, फक्त लिहिणारा कुठे सापडतो ते माहीत नसतं. प्रत्येक वस्तूवर करणाऱ्याचं नाव असू द्या. ‘वाईची पारंपरिक गोधडी’ एवढंच लिहू नका. बाईंचं नाव लिहा, त्यांना विचारून.

आणि एक. त्यांची जी कामं आज आळीतल्या घरांत आहेत, त्यांचे फोटो आत्ताच घ्यायला लागा. गोधडी वापरून विरते, पाटीवर नवा रंग बसतो. सावंतवाडीत काम पुन्हा उभं राहायला आधाराला काही मूळ पत्ते तरी होते. त्यांच्यावरून काठ कसा होता, मासा कसा होता हे बघता आलं. तुमच्याकडे वस्तू राहणार नाहीत, तर निदान टाक्यांचा क्रम तरी राहू द्या. शक्य झालं तर त्या शिवत असताना नुसत्या हातांचं चित्रीकरण करा. बोलायला लावू नका, हातच सगळं सांगतात.

---

चुन्याचीघाणी

कमरेइतका गिलावा फुगलाय म्हणजे जमिनीतून ओल चढतेय. पावसाळा संपला की तो सगळा काढा आणि भिंत पुढच्या उन्हाळ्यापर्यंत उघडीच ठेवा. दिसायला वाईट दिसेल, पण वाळू द्या. लगेच चुना लावायची घाई नको. भिंतीच्या बाहेरच्या बाजूला रस्ता किंवा गटार उंच झालंय का ते बघा. बहुतेक तेच कारण असतं, आणि तसं असेल तर आधी नगरपालिकेत अर्ज द्यावा लागेल. गोधड्या त्या भिंतीला टेकवून ठेवू नका.

---

कृष्णाकाठ

बाहेरचा रस्ता खरंच उंच झालाय. दोनदा काँक्रीट पडलं त्यावर. अर्ज या आठवड्यात करते.

काल कासारबाईंशी बोलले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “तुझ्या आजीची देवघरापुढची खोली देणार का? तिथे ऊन चांगलं येतं.” ती खोली आराखड्यात कॉफीच्या दुकानाचं कोठार म्हणून दाखवली आहे. मी देते म्हटलं. पेंटर काका मात्र अजून तयार नाहीत. हात थरथरतो म्हणतात.

सर, दिवाळीनंतर मामाला घेऊन सावंतवाडीला जायचं ठरवतोय. दरबार हॉलमध्ये गेल्यावर नेमकं काय बघू?

---

पांगारा

पत्ते तर बघालच. पण टेबलांची उंची बघा, उजेड कुठल्या बाजूने घेतलाय ते बघा, रंगाच्या वाट्या आणि ओले पत्ते वाळायला कुठे ठेवतात ते बघा. नव्या माणसाला पहिल्यांदा कुठलं काम देतात ते विचारा. कामात असलेल्या माणसाशेजारी थोडा वेळ शांत बसा आणि मगच बोला, ते मोकळेपणाने सांगतात. परतताना चितारआळीत एक फेरी मारा. तिथली लाकडी फळं आणि भाज्या घ्या, मामांना आवडतील.

पेंटर काकांना सांगा, तिथे एकाच संचावर पुष्कळदा अनेकांचे हात लागतात. जमीन एक जण रंगवतो, काठ दुसरा, बारीक काम तिसरा. काकांनी खडूने अक्षर आखून द्यावं, रंग तरुण हाताने भरावा. आखणं हीच तर विद्या आहे. आणि निघायच्या आधी इथे लिहा. मी कुडाळहून येईन, पत्ते घेऊन. मामांना खेळ शिकवतो.